विष आतड्यातच अडवायचं तर

(एका जाहीर व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आतड्याच्या काही संसर्गांत माणूस आजारी पडतो तो जिवाणूपेक्षा जिवाणूने सोडलेल्या विषामुळे. कॉलऱ्याबाबत हे शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये कोलकात्यात दाखवून दिलं. सशाच्या लहान आतड्याचा एक भाग दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधायचा, कॉलऱ्याच्या जिवाणूंचं कल्चर गाळून मिळालेला, एकही जिवाणू नसलेला द्रव त्यात सोडायचा आणि वाट पाहायची, असा तो प्रयोग. बांधलेला भाग पाण्याने टम्म फुगला. दोष त्या द्रवात विरघळलेल्या विषाचा होता. तेव्हापासून एक विचार औषधशास्त्रात पुन्हा पुन्हा डोकं वर काढतो. जिवाणूला मारायच्या मागे न लागता त्याचं विषच आतड्यात धरलं आणि तसंच शौचावाटे बाहेर घालवलं तर?

कल्पना मोहात पाडणारी आहे. अँटिबायोटिकने रोगजंतू मरतात, तसे आतड्यातले उपयोगी जिवाणूही मरतात. विष धरणाऱ्या औषधाला जिवाणूशी देणंघेणं नसतं, त्यामुळे त्याविरुद्ध प्रतिकार निर्माण होण्याचा दबाव कमी असतो. ते रक्तात शोषलं जाण्याची गरज नाही, म्हणून शरीरभर दुष्परिणामही कमी. एवढं सगळं अनुकूल असूनही गेल्या चाळीसेक वर्षांत या जातीच्या बहुतेक औषधांनी प्रयोगशाळेत वाहवा मिळवली आणि रुग्णांवरच्या चाचण्यांत मार खाल्ला. आज बोलायचंय ते मुख्यतः त्या माराबद्दल, कारण विष धरणं हा यातला सोपा भाग आहे. विष पेशीला चिकटण्याआधी, पुरेशा प्रमाणात आणि दिवसभर तिथे हजर असणं हा अवघड भाग आहे. विष धरणाऱ्या अशा सगळ्या पदार्थांना मी सोयीसाठी ‘बाइंडर’ म्हणणार आहे.

आधी काही विषं यादीतून काढून टाकू. स्टॅफिलोकॉकसचं किंवा बॅसिलस सेरियसचं उलट्या करवणारं विष अन्नातच तयार झालेलं असतं. खाल्ल्यावर बहुधा १ ते ६ तासांत उलट्या सुरू होतात आणि दिवसभरात ओसरतातही. बाइंडर पोटात जाईपर्यंत विषाचं काम उरकलेलं असतं, आणि उलट्या होणाऱ्या माणसाच्या पोटात तो टिकणारही नाही. सेरियसचं हे विष, सेरेयुलाइड, इतकं चिवट आहे की १२१ अंश सेल्सिअसलाही ते नष्ट होत नाही. दुसरं, ई. कोलायचं उष्णतेला न जुमानणारं एसटी विष. ते जेमतेम १८-१९ अमिनो आम्लांचं असतं. इतक्या लहान रेणूला घट्ट धरायला जागाच कमी मिळते. जाता जाता सांगतो, याच विषाच्या रचनेवरून १४ अमिनो आम्लांचं लिनाक्लोटाइड हे बद्धकोष्ठाचं औषध घडवलेलं आहे. विष आणि औषध पेशीवरच्या एकाच रिसेप्टरची, म्हणजे ठरावीक रेणू जिथे चिकटतो त्या प्रथिनाची, कळ दाबतात.

उरतात ती मोठी, प्रथिनरूपी विषं: कॉलऱ्याचं विष, त्याचा भाऊबंद असलेलं ई. कोलायचं उष्णतेने नष्ट होणारं एलटी विष, शिगा विष, आणि क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिलची ए आणि बी ही दोन विषं. या शेवटच्या जिवाणूला सगळे ‘सी. डिफ’ म्हणतात, मीही तेच म्हणेन.

सी. डिफचं उदाहरण तपशिलात घेऊ, कारण बाइंडरसाठी याच्याइतका सोयीचा आजार दुसरा नाही. अँटिबायोटिक घेतल्यावर मोठ्या आतड्यातले नेहमीचे जिवाणू मरतात, सी. डिफचे बीजाणू रुजतात आणि विष सोडू लागतात. विष ए सुमारे ३०८ किलोडाल्टनचं (किलोडाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप), विष बी सुमारे २७० चं. जिवाणू आतड्याच्या पोकळीतच राहतो, तिथेच विष सोडतो, आणि विष अस्तराच्या पेशींवर वरूनच हल्ला करतं. पेशीवरच्या रिसेप्टरला चिकटल्यावर ते पेशीच्या पटलासकट एका फुग्यात आत ओढलं जातं. फुग्यातलं आम्ल वाढलं की विषाचा आकार बदलतो आणि त्याचं पुढचं टोक फुग्याच्या भिंतीतून पेशीद्रवात घुसतं. तिथे इनॉसिटॉल हेक्साफॉस्फेट हा पेशीचाच रेणू भेटला की विष स्वतःचाच तुकडा पाडतं. सुटलेला तुकडा एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, असतो. तो पेशीचा सांगाडा सांभाळणाऱ्या ऱ्हो, रॅक आणि सीडीसी४२ या प्रथिनांना ग्लुकोज चिकटवत सुटतो. पेशीचा सांगाडा कोसळतो, पेशी गोल होते, शेजारच्या पेशींशी असलेले सांधे सुटतात.

इथे ‘एन्झाइम’ या शब्दावर थांबायला हवं. एन्झाइमचा एक रेणू एकच काम करून संपत नाही, तो शेकडो-हजारो प्रथिनांना निकामी करतो. म्हणून ९० टक्के विष धरलं म्हणजे ९० टक्के आजार टळला, असा हिशेब इथे चालत नाही. निसटलेल्या दहा टक्क्यांतले थोडे रेणू पेशीत शिरले तरी ती पेशी संपू शकते. आणि एकदा आत शिरलेलं विष पोकळीतल्या कोणत्याही बाइंडरच्या हाती लागत नाही.

आता टोलेव्हामरकडे येऊ. हे पॉलिस्टायरीन सल्फोनेट, म्हणजे ऋणभार असलेल्या गटांची लांबलचक साखळी, रेणुभार ४०० किलोडाल्टनहून जास्त. ते विरघळतं, पण शोषलं जात नाही. जेन्झाइम कंपनीने ते विकसित केलं होतं. दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत निकाल आशादायक होते, पण एक अडचण दिसली. सोडियमच्या रूपात दिलेलं हे औषध आतड्यात सोडियम सोडून पोटॅशियम उचलतं, त्यामुळे जास्त मात्रेच्या गटात रक्तातलं पोटॅशियम खाली जाऊ लागलं. रसायन आठवून पाहिलं तर यात नवल नाही, रक्तात पोटॅशियम वाढलं की याच जातीचं रेझिन डॉक्टर मुद्दाम देतात. म्हणून तिसऱ्या टप्प्यासाठी सोडियम आणि पोटॅशियमचं मिश्र रूप तयार केलं गेलं.

तिसऱ्या टप्प्यात रुग्णांना सुरुवातीला ९ ग्रॅम आणि नंतर दर ८ तासांनी ३ ग्रॅम अशी मात्रा १४ दिवस मिळाली. तुलनेला दोन अँटिबायोटिक्स, व्हँकोमायसिन १२५ मिलिग्रॅम आणि मेट्रोनिडाझोल ३७५ मिलिग्रॅम, दोन्ही दर ६ तासांनी, १० दिवस. निकाल २०१४ मध्ये छापून आले. बरं होण्याचं प्रमाण टोलेव्हामरमध्ये ४४.२ टक्के, मेट्रोनिडाझोलमध्ये ७२.७ टक्के, व्हँकोमायसिनमध्ये ८१.१ टक्के. स्पष्ट हार. पण त्याच चाचणीत बरे झालेल्यांमध्ये आजार उलटण्याचं प्रमाण टोलेव्हामरच्या गटात ४.५ टक्के होतं, उरलेल्या दोन्ही गटांत २० टक्क्यांच्या वर.

या दुसऱ्या आकड्याने अनेकांना भुरळ घातली, आणि ती पूर्णपणे चुकीची नाही. अँटिबायोटिक न दिल्यामुळे आतड्यातले नेहमीचे जिवाणू परत वसले आणि सी. डिफला जागा उरली नाही, हे स्पष्टीकरण पटण्यासारखं आहे. तरी सावध राहावं. टोलेव्हामरने बरे झाले ते शंभरातले ४४, आणि त्यांचाच आजार मुळात सौम्य असण्याची शक्यता जास्त. व्हँकोमायसिनच्या गटातल्या ८१ जणांत अवघड रुग्णही आले. या दोन गटांची उलटण्याची टक्केवारी शेजारी शेजारी मांडणं ही सरळ तुलना नव्हे.

हार का झाली? माझ्या मते तीन गोष्टी एकत्र आल्या. एक, पकड विद्युतभारावर टिकलेली होती, आणि अशी पकड आजूबाजूला क्षार वाढले की सैल होते. विष्ठेच्या पाण्यात क्षार भरपूर असतात, शिवाय धनभार असलेली इतर कित्येक प्रथिनं साखळीवर बसायला टपलेली असतात. दोन, औषध सुरू झालं तेव्हा रुग्णाच्या आतड्याच्या अस्तराला आधीच जखमा झाल्या होत्या आणि जिवाणू मात्र विष बनवतच होता. अँटिबायोटिक कारखाना बंद करतं. बाइंडर कारखाना चालू ठेवून माल उचलत राहतो, आणि एक खेप चुकली की माल साचतो. तीन, सूज जास्त असलेल्या रुग्णाचं आतडं कधी कधी हलतच नाही. तोंडाने दिलेलं औषध वर अडकतं, विष खाली मोठ्या आतड्यात असतं, दोघांची भेटच होत नाही.

शिगा विषाची गोष्ट आणखी कडवट आहे. ई. कोलाय ओ१५७ आणि त्याच्या काही भावंडांचं हे विष. त्याच्या बी भागात पाच उपघटक, प्रत्येक उपघटकावर पेशीवरच्या जीबी३ या शर्करेला धरणाऱ्या तीन जागा, म्हणजे एका रेणूवर पंधरा. संसर्ग झालेल्यांपैकी साधारण ५ ते १० टक्क्यांमध्ये, जुलाब सुरू झाल्यावर आठवड्याच्या आसपास, हेमोलिटिक युरेमिक सिंड्रोम होतो: तांबड्या पेशी फुटतात, प्लेटलेट घटतात, मूत्रपिंड बंद पडू लागतं. अँटिबायोटिक द्यायला डॉक्टर इथे कचरतात, कारण विषाचं जनुक जिवाणूच्या आत लपलेल्या एका विषाणूवर असतं. जिवाणूचा डीएनए दुखावला की तो विषाणू जागा होतो, आणि जिवाणू फुटताना विषाचा लोट बाहेर पडतो. २०११ मध्ये जर्मनीत ओ१०४:एच४ या प्रकाराची साथ आली. मेथीच्या मोडांतून पसरलेल्या या साथीत ३,८०० हून अधिक लोक आजारी पडले आणि ५० हून अधिक दगावले. अशा वेळी विष धरणाऱ्या औषधाची गरज किती खरी आहे, ते कळतं.

तसं औषध होतंही. सिन्सॉर्ब पीके: सिलिकाच्या बारीक कणांवर जीबी३ च्या टोकाची तीन शर्करांची साखळी एका छोट्या दुव्याने जोडलेली. विषाला वाटावं की ही पेशीच आहे. पकड चांगली होती. १४५ मुलांवर चाचणी झाली, दिवसाला किलोमागे ५०० मिलिग्रॅम, सात दिवस, आणि निकाल २००३ मध्ये आले. काहीही फायदा दिसला नाही. मृत्यू आणि गंभीर गुंतागुंत दोन्ही गटांत सारखीच, डायलिसिसची गरजही सारखीच.

यात चूक रसायनाची नव्हती. चाचणीत घेतलेली मुलं सिंड्रोम सुरू झालेली होती. त्या वेळेपर्यंत विष आतड्यातून रक्तात जाऊन मूत्रपिंडाच्या केशवाहिन्यांना चिकटलेलं असतं, आणि शौचात जिवाणू सापडेनासाही झालेला असतो. रिकाम्या खोलीला पहारा बसवल्यासारखं झालं ते. द्यायची खरी वेळ म्हणजे रक्ताचे जुलाब सुरू होण्याचे पहिले एक-दोन दिवस. पण त्या वेळी कोणता जिवाणू आहे हे कळलेलं नसतं, आणि शंभरातल्या पाच-दहांसाठी शंभरांना औषध द्यावं लागतं. चाचणी मोठी होते, महाग होते, निकाल धूसर होतो.

त्याच सुमाराला ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड इथे पेटन आणि सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. निरुपद्रवी ई. कोलायच्या बाहेरच्या आवरणावर नायसेरिया या दुसऱ्या जिवाणूची जनुकं वापरून जीबी३ सारखी शर्करा उगवली. जिवाणू म्हणजेच बाइंडर. २००० साली प्रसिद्ध झालेल्या कामात, जे उंदीर एरवी हमखास मेले असते ते दिवसातून दोनदा हे जिवाणू दिल्यावर सगळे वाचले. नंतर फॉर्मल्डिहाइडने मारलेले जिवाणूही उपयोगी पडल्याचं त्यांनी दाखवलं, कारण शर्करेला जिवंतपणाची गरज नाही. फक्त मेलेले जिवाणू आतड्यात वाढत नाहीत, म्हणून ते जास्त वेळा द्यावे लागतात. इथेही नोंद घ्यायची ती वेळेची. उंदरांना औषध लागण होताच सुरू झालं होतं.

आता थोडं गणित, कारण ‘किती द्यायचं’ हा प्रश्न बहुतेक वेळा अंदाजाने सोडवला जातो. बाइंडर आणि विष यांच्या पकडीला एक आकडा असतो, विलगन स्थिरांक. बाइंडरची मोकळी तीव्रता या स्थिरांकाइतकी असेल तर निम्मं विष धरलं जातं. दहापट असेल तर ९१ टक्के, शंभरपट असेल तर ९९, हजारपट असेल तर ९९.९. एन्झाइमचा मुद्दा आठवा: आपल्याला ९१ वर थांबता येत नाही.

समजा मोठ्या आतड्यात एक लिटर द्रव आहे आणि त्यात दर मिलिलिटरला १०० नॅनोग्रॅम विष बी आहे. एकूण १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे साधारण ०.३७ नॅनोमोल (मोल हे रेणूंची संख्या मोजायचं माप). विषाचे रेणू मोजून तितकेच बाइंडरचे रेणू द्यायचे म्हटलं, तर नॅनोबॉडी फक्त सहाएक मायक्रोग्रॅम लागेल. नॅनोबॉडी म्हणजे उंट-लामांच्या अँटिबॉडीचा सुमारे १५ किलोडाल्टनचा तुकडा, त्याबद्दल पुढे येतंच. पण पकडीचा स्थिरांक १ नॅनोमोलर, म्हणजे लिटरमागे एक नॅनोमोल, असेल आणि आपल्याला शंभरपट तीव्रता हवी असेल, तर १०० नॅनोमोलर लागतं, म्हणजे लिटरला दीड मिलिग्रॅम. जठर आणि लहान आतड्याच्या वाटेवर ९९ टक्के नॅनोबॉडी पचून गेली, तर तोंडाने १५० मिलिग्रॅम द्यायला हवं. तेच गणित १५० किलोडाल्टनच्या पूर्ण अँटिबॉडीसाठी केलं तर दीड ग्रॅम होतं. आणि हे एका वेळेचं. द्रव पुढे सरकतो, नवा येतो, म्हणून दिवसात तीन-चार वेळा. गाईच्या चिकापासून बनवलेल्या तयारीच्या मात्रा ग्रॅममध्ये का असतात, ते यावरून उमगेल. पकड मायक्रोमोलर असेल तर आकडे हजारपटीने वाढतात. चिकणमाती आणि रेझिन यांच्याकडून अचूक निवडीची अपेक्षा ठेवू नये ती यासाठीच.

वाटेवर काय होतं ते पाहू. उपाशी पोटी जठरातला सामू (पीएच, आम्लतेचं माप) १ ते ३ च्या दरम्यान असतो आणि प्रथिनं पचवणारं पेप्सिन जोरात असतं. सामू ४ च्या वर गेला की पेप्सिन मंदावतं. म्हणून प्रथिनरूपी बाइंडर जेवणासोबत, सोडा-बायकार्बोनेटसोबत किंवा आम्लरोधक कवचाच्या कॅप्सूलमध्ये देतात. कवच कोणत्या सामूला विरघळतं ते निवडावं लागतं: ५.५ चं कवच लहान आतड्याच्या सुरुवातीलाच उघडतं, ७ चं थेट शेवटच्या भागात. कॉलऱ्याचं किंवा एलटीचं विष लहान आतड्यात असतं, सी. डिफचं मोठ्या आतड्यात. एकच कॅप्सूल दोघांना चालणार नाही, आणि ही चूक वाटते त्यापेक्षा जास्त वेळा होते. ७ चं कवच जोरात जुलाब होणाऱ्या रुग्णात न उघडताच बाहेर पडू शकतं, हा आणखी एक घोळ. पुढे ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन ही आणखी दोन पाचक एन्झाइमं वाट पाहत असतात. पेप्सिनने अँटिबॉडीचा देठ कापला तरी दोन्ही हात जोडलेला तुकडा उरू शकतो आणि तो विष धरू शकतो, हे त्यातल्या त्यात बरं.

चिकाच्या अँटिबॉडीचा सर्वांत देखणा निकाल १९८८ चा आहे. निरोगी स्वयंसेवकांना मुद्दाम रोगकारक ई. कोलाय पाजण्यात आले. लसवलेल्या गाईंच्या दुधातल्या अँटिबॉडी मिळालेल्या दहांपैकी एकालाही जुलाब झाले नाहीत, न मिळालेल्या दहांपैकी नऊ जणांना झाले. या अँटिबॉडी विषाविरुद्ध होत्या तशा जिवाणूला आतड्याला चिकटू देणाऱ्या तंतूंविरुद्धही होत्या, त्यामुळे सगळं श्रेय विष धरण्याला देता येत नाही. आणि त्या जिवाणू पोटात जाण्याआधीपासून दिल्या होत्या. बाइंडरची जेवढी यशं डोळ्यांत भरतात ती बहुतेक अशीच आहेत, आजार रोखण्याची. सुरू झालेला आजार परतवल्याची उदाहरणं शोधावी लागतात.

नॅनोबॉडीचा फायदा आकारात आहे आणि घडणीच्या सोयीतही. एन्झाइम जिथे कापतं त्या जागा बदलता येतात, रचना घट्ट करायला एक जादा डायसल्फाइड दुवा घालता येतो, आणि तीन-चार नॅनोबॉडी एकामागे एक ओवता येतात. २०२० मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँडच्या गटाने असंच केलं. विष ए साठी दोन, विष बी साठी दोन अशा चार नॅनोबॉडींची माळ सॅकरोमायसिस बोलार्डी या यीस्टकडून बनवून घेतली. यीस्ट तोंडाने द्यायचं, ते जठर पार करून आतड्यात पोचतं आणि तिथे बसून माळ सोडत राहतं. उंदरांमध्ये मूळ आजारावर आणि उलटलेल्या आजारावर, दोन्हींवर परिणाम दिसला. मात्रा चुकण्याचा प्रश्न इथे निम्मा सुटतो, कारण बाइंडर जागेवरच तयार होतो. दुसरा मार्ग स्पिरुलिना या निळ्या-हिरव्या शेवाळाचा आहे: नॅनोबॉडी पेशीच्या आत बनवायची, पेशी वाळवून कॅप्सूलमध्ये भरायची, शुद्धीकरणाचा मोठा खर्च वाचवायचा.

बेझ्लोटॉक्सुमॅब तोंडाने घ्यायचं नाही, तरी त्याचा उल्लेख टाळता येत नाही. विष बी विरुद्धची ही अँटिबॉडी शिरेतून, किलोमागे १० मिलिग्रॅम, एकदाच देत. अँटिबायोटिकच्या जोडीला दिल्यावर आजार उलटण्याचं प्रमाण २६-२८ टक्क्यांवरून १६-१७ टक्क्यांवर आलं, आणि २०१६ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. विष ए विरुद्धची अँटिबॉडी सोबत दिल्याने आणखी काही फायदा झाला नाही. हृदय निकामी होत असलेल्या रुग्णांसाठी तिच्यावर सावधगिरीची सूचना होती, आणि २०२५ च्या सुरुवातीला कंपनीने तिचं उत्पादन थांबवलं. विष धरून माणसांमध्ये फायदा होतो याचा हा सर्वांत भक्कम पुरावा. अट एकच: अँटिबायोटिकला बाजूला सारायचं नाही, त्याच्या जोडीने जायचं. टोलेव्हामरला एकट्याने लढायला लावलं गेलं, हे मला त्या चाचणीचं मूळ दुखणं वाटतं.

प्रयोगशाळेत जे काम करतात किंवा करणार आहेत, त्यांच्यासाठी थोडं सविस्तर. बाइंडरची नेहमीची चाचणी अशी: विष आणि बाइंडर बफरमध्ये ३७ अंशांना तासभर एकत्र ठेवायचे, मग ते मिश्रण पेशींवर ओतायचं, आणि २४ तासांनी किती पेशी गोल झाल्या ते मोजायचं. माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या व्हेरो पेशी यासाठी जुन्या आणि भरवशाच्या. ही चाचणी जवळजवळ कोणताही बाइंडर पास होतो, कारण त्याला विषासोबत तासभर एकांत मिळतो. आतड्यात असा एकांत नसतो. म्हणून क्रम बदलून पाहावं. आधी बाइंडर आणि मग विष. दोन्ही एकाच वेळी. आणि विष आधी घालून ५, १५, ३० मिनिटांनी बाइंडर. तिसऱ्या प्रकारात वक्र कुठे कोसळतो ते दिसतं, आणि तोच आकडा खरा उपयोगाचा असतो. बफरच्या जागी निरोगी माणसाच्या विष्ठेचं गाळलेलं पाणी, पित्तक्षार, म्यूसिन (आतड्यातल्या चिकट स्रावातलं प्रथिन) आणि पॅन्क्रियाटिन (स्वादुपिंडाच्या पाचक एन्झाइमांचं मिश्रण) घालून पुन्हा सगळं करावं. भारावर आधारलेल्या बाइंडरचे आकडे इथे पाहण्यासारखे घसरतात. बाइंडर एकटाच पेशींवर घालून ठेवायलाही विसरू नये. काही पॉलिमर पेशींनाच त्रास देतात आणि मग विषाचा परिणाम कोणता, औषधाचा कोणता, हे वेगळं करता येत नाही.

विष बी एकाच प्रकारचं नसतं, हेही लक्षात ठेवावं. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या वाणाचं विष बी पेशीवरच्या फ्रिझल्ड या रिसेप्टरला धरतं. साथी पसरवणाऱ्या ०२७ या प्रकाराचं विष फ्रिझल्डला धरत नाही, ते टीएफपीआय नावाच्या दुसऱ्याच प्रथिनाला चिकटतं. फ्रिझल्डला बसायची जागा झाकणारा सुरेख बाइंडर तयार केला आणि फक्त जुन्या वाणावर तपासला, तर रुग्णालयात तो निकामी ठरू शकतो. विषाचा जो भाग वाणागणिक बदलत नाही त्यावर बसणारा बाइंडर निवडणं, किंवा दोन-तीन वेगवेगळ्या जागा धरणारे एकत्र ओवणं, हा त्यावरचा इलाज.

आता हाताशी असलेल्या पदार्थांबद्दल. डायोस्मेक्टाइट ही शुद्ध केलेली थराथरांची माती. प्रौढांना ३ ग्रॅमची पुडी दिवसातून तीनदा, अर्ध्या पेल्याएवढ्या पाण्यात हळूहळू भुरभुरत ढवळून; एकदम ओतली की गुठळ्या होतात. मुलांच्या तीव्र अतिसाराचा काळ तिने साधारण एका दिवसाने कमी होतो असं चाचण्यांची बेरीज सांगते, पण पुरावा कच्चा आहे. ती बाकीची औषधंही धरते, म्हणून दोन तासांचं अंतर ठेवायचं. मातीत शिसं अल्प प्रमाणात असतं. त्यामुळे फ्रान्सच्या औषध नियामकाने २०१९ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर स्त्रियांना ती देऊ नये असं सांगितलं. कोलेस्टिरामिन हे रेझिन विष बी धरतं खरं, पण व्हँकोमायसिनही धरतं. दोन्ही एकत्र दिली तर औषधानेच औषध खाल्लं असं होतं. सी. डिफसाठी ते वापरू नये हे उत्तम. दुसऱ्या कारणासाठी चालू असेल तर बाकीची औषधं त्याच्या तासभर आधी किंवा चार ते सहा तासांनंतर. कोळशाबद्दल फार बोलायला नको. त्याची बहुतेक छिद्रं लहान रेणूंच्या मापाची असतात, २७० किलोडाल्टनचं प्रथिन त्यांत शिरत नाही.

बोलार्डी यीस्ट, कोणताही फेरफार न केलेलं, एक प्रोटिएज सोडतं जे विष ए ला आणि त्याच्या रिसेप्टरला कापतं. जिवाणूविरोधी औषधं त्याला मारत नाहीत, बुरशीविरोधी औषधं मारतात. गरम पाण्यात ते घालायचं नाही. छातीतल्या मोठ्या शिरेत नळी असलेल्या, अतिदक्षता विभागातल्या किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाला ते द्यायचं नाही. अशा रुग्णाच्या खोलीत दुसऱ्यासाठीही पुडी फोडायची नाही, कारण हवेत उडालेले कण हातावरून नळीत आणि नळीतून रक्तात जाऊ शकतात.

कॉलऱ्यात बाइंडरचं काय झालं, असं विचारलं जातं. विषाचा रिसेप्टर जीएम१ कोळशावर बसवून रुग्णांना पाजण्याचा प्रयोग १९८० च्या सुमाराला झाला होता. पण कॉलऱ्याचं विष एकदा पेशीत शिरून संदेश पुढे पाठवणाऱ्या जी-प्रथिनाला ‘चालू’ स्थितीत अडकवून बसलं की ती पेशी झडेपर्यंत पाणी सोडत राहू शकते, आणि आतड्याचं अस्तर नवं व्हायला तीन ते पाच दिवस लागतात. त्यात तासाला लिटरभर पाणी जाणाऱ्या आतड्यात कोणताही पदार्थ थांबत नाही. बाजी मारली जलसंजीवनीने. विष क्लोराइड बाहेर सोडायला लावतं, पण सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत घेणारी वाट शाबूत ठेवतं. २००२ पासूनचं सूत्र एका लिटरला असं: मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. उद्या कोणताही बाइंडर आला तरी त्याची चाचणी हे पाणी चालू ठेवूनच करावी लागेल, आणि त्याच्या वर आणखी किती फायदा झाला एवढंच मोजावं लागेल.

शेवटी नमुन्याबद्दल, कारण चांगल्या चाचण्या इथे वाया जातात. सी. डिफचं विष शौचाच्या नमुन्यात फार नाजूक असतं. खोलीच्या तापमानाला दोन तासांत ते सापडेनासं होऊ शकतं. नमुना घेतल्या घेतल्या २ ते ८ अंशांत ठेवावा आणि वेळ लिहून ठेवावी. एलायझा ही अँटिबॉडीने विष ओळखणारी चाचणी बाइंडरने धरलेलं विषही मोजू शकते, किंवा चाचणीतली अँटिबॉडी जिथे बसते तीच जागा बाइंडरने झाकली तर विष असूनही नाही म्हणू शकते. म्हणून एलायझासोबत पेशींवरची चाचणी लावावी, आणि औषध न मिळालेल्या गटाचे नमुनेही त्याच मिनिटांच्या हिशेबाने थंड करावेत. नाहीतर विष कमी झालं ते बाइंडरमुळे की नमुना दुपारभर टेबलावर पडून राहिल्यामुळे, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.